खालच्या पॅडला हात लावू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा फुंकून वाजवायच्या वाद्यांची दुरुस्ती, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न झाला. माझ्या पुतण्याने केला आणि त्याच्यामार्फत समितीच्या प्राध्यापकांनीही केला. ते पुढे येईल.

शुद्धीत असल्याचा दाखला समोरच्या डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, घड्याळाचे चित्र काढायला लावले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. वजाबाकी एकदा चुकली. ती शाळेतही चुकायची, तेव्हा हा वयाचा दोष धरू नये, असे मी दाखल्यात मुद्दाम लिहून घेतले आहे. येत्या गुरुवारी माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. ज्यात काळजीचे कारण नसते त्यासाठी कोणी चार ठिकाणी सह्या घेत नाही, एवढे मला कळते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक लिहायला घेतले होते, त्यावर चहा सांडला. ते सापडले तर फाडून टाकावे.

हा कागद घरासाठी नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. घर आणि भांडी कोणाकडे तरी जातातच. हा कागद दुकानात, कामाच्या बाकाखालच्या फळीवर, काळ्या पेटीत ठेवलेल्या एका सॅक्सोफोनसाठी आहे. माझ्यामागे तो स्मृती समितीच्या हाती पडू नये आणि त्याच्या सगळ्यात खालच्या पॅडला कोणी हात लावू नये, ही माझी इच्छा आहे. बाकीचे लवकर उरकतो.

कलम १. वरची खोली, तिच्यातले सामान आणि खालचे दुकान माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला, म्हणजे विमा कचेरीत काम करणाऱ्या माझ्या पुतण्याला द्यावे. त्याने ते मिळवण्यासारखे काही केलेले नाही, पण दुसरा वारस नाही. दुकानाला एक अट आहे, ती शेवटच्या कलमात आहे. मोरीचा नळ डावीकडे फिरवून बंद होतो, उजवीकडे फिरवला तर हातात येतो. गॅसचे बटण बंद केल्यावर परत एकदा बघावे. मी दोनदा बघतो आणि जिन्यावरून एकदा परत येतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पुतण्यालाच. थोडे आहे, त्याने आधीच स्वप्ने बघू नयेत.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे स्पिरिटचा दिवा, लाखेच्या कांड्या, लाकडी हातोड्या, पोचे काढायचे पितळी गोळे, नळीत सोडायचा वायरचा बल्ब आणि सगळ्या कानशी, पोलिस बँडमधल्या हवालदारीणबाईंना द्यावीत. त्या कोण, ते नवव्या कलमात आहे. यातली एक कानस मात्र ठेवून घ्यावी, लाकडी मुठीची, मुठीला दोरा गुंडाळलेली. ती पुतण्याची. त्याने आयुष्यात कानस धरलेली नाही. का द्यायची, ते शेवटी.

कलम ४. आता ज्याचे ते वाद्य, त्याच्याबद्दल. मृत्युपत्रात हे लिहितात की नाही, मला माहीत नाही. समितीने जी पुस्तिका छापली आहे तिच्यात पहिल्या पानापासून थापा आहेत, म्हणून कोठेतरी सही केलेल्या कागदावर खरे असावे.

तो हॉटेलात जॅझ वाजवायचा. स्टेशनासमोरच्या मोठ्या हॉटेलात, जेवणाच्या दालनात, कुंडीतल्या झाडाशेजारी, दुपारी आणि संध्याकाळी, एकतीस वर्षे. पियानोवाले बदलले, ड्रमवाले बदलले, झाडसुद्धा दोनदा बदलले. वेटर त्याला फुंक्या म्हणत. मीही फुंक्याच म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. लिहिताना हे बरे दिसत नाही, पण होते ते असे होते.

जॅझ म्हणजे काय, हे त्याने मला एकदाच सांगितले. "मिस्त्री, गाणं सगळ्यांना माहीत असतं. ते माहीत आहे असं धरून त्याच्या आजूबाजूनं हिंडायचं." मी म्हटले, मग सरळ गाणेच का वाजवत नाहीस, घरच्यांना तरी कळेल. तो हसला आणि चहा प्यायला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे, कारण तो वाद घालतच नसे.

हॉटेलात लोक सूप पीत असत. मी दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा त्याच्या पासावर. त्याचा सगळ्यात चांगला सूर लागला की कोणीतरी मीठ मागायचे. पुढे हॉटेलाने गाण्याचे यंत्र आणले आणि याची खुर्ची मुदपाकखान्याच्या दाराशी नेली. दार आत-बाहेर उघडणारे होते, ते त्याच्या कोपराला लागायचे. तो दार येण्याच्या आधी कोपर काढून घ्यायला शिकला आणि तेवढ्या जागेत सूर थोडा लांबवायचा. मग खुर्चीही काढली. निरोपाला एक टेबलघड्याळ दिले. ते हॉटेलाच्याच खोलीतले होते, मागे खोलीचा नंबर तसाच होता.

सोमवारी सकाळी तो आधीपासूनच माझ्या दुकानात येत असे, त्यानंतरची अकरा वर्षे फक्त तिथेच वाजवत असे. वाद्य तपासायला आणले आहे, असे म्हणायचा. तपासायला काही नसायचे. स्टुलावर बसून अर्धा-पाऊण तास वाजवायचा, मी माझे काम करायचो. घरी त्याच्या बहिणीने त्याला गाद्यांच्या कपाटात तोंड घालून वाजवायला लावले होते, शेजारी तक्रार करत म्हणून. तिला मी ताई म्हणतो. ती बोलायला तिखट आहे, पण खोटे बोलत नाही, आणि या प्रकरणात असे एकच माणूस आहे.

कलम ५. हॉटेलाच्या व्यवस्थापकांना मी पुढील वस्तू देतो. सॅक्सोफोनच्या पेटीच्या कप्प्यात दोऱ्याने बांधलेल्या दोनशे चौदा चिठ्ठ्या आहेत. त्या सगळ्या त्यांच्या हाताच्या आहेत. वाजवणे चालू असताना ते वेटरबरोबर चिठ्ठी पाठवायचे. बहुतेकांवर एकच शब्द आहे, 'हळू.' काहींवर 'अजून हळू.' एकीवर 'टेबल नऊ, डोकेदुखी.' एकीवर नुसते उद्गारचिन्ह आहे. फुंक्याने यातली एकही फेकली नाही आणि एकदाही माझ्याजवळ कुरकुर केली नाही. याचा मला तेव्हा राग यायचा, आताही येतो.

हेच व्यवस्थापक शोकसभेत म्हणाले की, आमच्या हॉटेलानं या कलावंताला घर दिलं. हॉटेलाच्या दर्शनी दालनात समिती काचेचे कपाट करणार आहे, असेही ते म्हणाले. कपाट चांगले असेल तर माझी हरकत नाही. त्यात या चिठ्ठ्या मांडाव्यात. तारीखवार लावलेल्या आहेत, त्रास पडणार नाही.

कलम ६. स्मृती समितीला मी काहीही देत नाही. कारणे देतो, नाहीतर विसरलो असे म्हणतील.

फुंक्या वारल्यावर पाच महिन्यांनी ही समिती निघाली. तो जिवंत असताना तिच्यातला एकही माणूस माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. झाले असे की, फुंक्याची आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली होती. तिची एक प्रत प्राध्यापकांना भंगारवाल्याकडे सापडली. ती त्यांनी परदेशातल्या कोणा जाणकाराला ऐकवली, त्याने वा म्हटले आणि मग आमच्याकडच्यांचे कान उघडले. दुसऱ्याने वा म्हटल्याशिवाय इथे कोणाला काही ऐकू येत नाही.

शोकसभेला मी गेलो होतो. दुसऱ्या रांगेत बसलो. व्यासपीठावर माणसाएवढा फोटो लावला होता, खाली 'स्वरमहर्षी' असे लिहिले होते. फोटो उलटा छापलेला होता. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या उजव्या मांडीला असतो, तिथे डाव्या मांडीला लटकत होता. चाव्या भलत्या बाजूला, घंटा, म्हणजे भोंग्याचे तोंड, भलत्या बाजूला. असे वाद्य जगात कोणी केलेले नाही. दोनशे माणसे त्याच्याकडे डोळे भरून बघत होती. मी उठून प्राध्यापकांना तसे सांगितले.

ते म्हणाले, "आजोबा, भावना बघा."

मी बसलो. भावना उजव्या मांडीला होती, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पुस्तिकेत प्राध्यापकांनी बारा पाने नुसत्या एका सुरावर लिहिली आहेत. सॅक्सोफोनचा जो सगळ्यात खालचा सूर असतो, तो त्या रेकॉर्डवर फुंक्याने दोन्ही बाजूंना शेवटी लावला आहे. त्या सुरात आवाजाबरोबर हवा निसटते, कोणी दम टाकावा तशी. प्राध्यापक लिहितात की, हा सुस्कारा म्हणजे कलावंताने जाणूनबुजून केलेली निवड आहे, त्यात एका पिढीचा थकवा आहे, आणि असेच बरेच. ती बारा पाने मी बोट ठेवून वाचली आणि हसलो. कारण तो सुस्कारा ही माझी चूक आहे. सातव्या कलमात ती मी पहिल्यांदाच लिहीत आहे. बायको आणि फुंक्या सोडून हे कोणाला माहीत नव्हते, आणि ती दोघेही गेली.

कलम ७. सॅक्सोफोनला चामड्याचे पॅड असतात. भोकावर झाकण बसते, झाकणाच्या पोटात पॅड लाखेने चिकटवलेला असतो. तो चारी बाजूंनी टेकला पाहिजे. नवा पॅड बसवताना लाख गरम करायची, झाकण दाबायचे आणि सिगारेटचा पातळ कागद कडेला सरकवून ओढून बघायचा. कागद अडकला तर पॅड टेकला. मग नळीत बल्ब सोडून, अंधार करून, कोठून उजेड गळतो का ते बघायचे. आमच्या धंद्यात बल्ब सोडल्याशिवाय वाद्य कोणी हातावेगळे करत नाही. मी आयुष्यात एकदाच केले.

तेव्हा माझी बायको इस्पितळात होती. फुंक्या सोमवारी आला तो खुशीत. रेकॉर्ड कंपनीचा माणूस हॉटेलातल्या गायिकेला ऐकायला आला होता, त्याने तिला सोडून याला विचारले होते. "मिस्त्री, बुधवारी रेकॉर्डिंग आहे. सगळ्यात खालचा पॅड जुना झालाय, तेवढा बदलून द्या." मी पॅड बसवला. कागद तीन पदरी दुमडून बिजागरीच्या बाजूला सरकवला, झाकण दाबले आणि तेवढ्यात इस्पितळातून बोलावणे आले. मी तसाच उठून गेलो. कागद आत राहिला, लाख गार झाली आणि पॅड त्या जागी तीन कागदांइतका वर राहिला. संध्याकाळी परत आलो तर फुंक्या वाद्य घेऊन गेलेला. शेजारणीने किल्ली दिली होती, तिच्यापुरते तिने चांगलेच केले.

ते झाकण फक्त सगळ्यात खालच्या सुराला बंद होते. बाकीचे सूर स्वच्छ वाजतात, त्यामुळे त्याला रेकॉर्डिंगपर्यंत कळले नसावे. पियानोवाल्याने मला नंतर सांगितले की कंपनीचा माणूस काचेआडून ओरडत होता, खालचा सूर फाटतोय, तो टाळा. याने टाळला नाही. उलट दोन्ही गाणी त्याच सुरावर नेऊन संपवली. वाद्य खराब आहे आणि माणूस ऐकत नाही, असा शेरा मारून कंपनी गेली ती परत आली नाही.

पुढच्या सोमवारी त्याने बाकावर दुमडलेला कागद ठेवला. "मिस्त्री, हा तुमचा ना?"

मी म्हटले, "पॅड बदलून देतो. आत्ता देतो."

"नको. असंच राहू द्या."

एवढेच. त्यानंतर तो विषय त्याने कधी काढला नाही. पण चामडे काही जन्मभर टिकत नाही. चार-पाच वर्षांनी पॅड फाटला की तो म्हणायचा, "नवा घाला, पण तसाच." असे सात वेळा झाले. चूक एकदा करायला काही लागत नाही. तीच चूक, तितकीच, पुन्हा करायला मला पहिल्या खेपेला अकरा दिवस लागले. एक कागद जास्त झाला तर सूर मरायचा, एक कमी झाला तर सुस्कारा जायचा. तो स्टुलावर बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." मी आतून जळत असे. मला वाटे, हा मला शिक्षा करतो आहे. माझी चूक माझ्याच हाताने मला पुन्हा-पुन्हा करायला लावतो आहे, आणि तेही इतक्या गोड आवाजात.

एकदा तोंडातून गेले. "तुझा राग अजून गेला नाही का रे?"

"कसला राग, मिस्त्री?"

मला वाटले, नाटक करतो आहे. मी कानस उचलली.

बायको त्या इस्पितळाच्या खेपेला वाचली. पुढे नऊ वर्षे जगली आणि नऊ वर्षे मला विचारत राहिली, "त्या माणसाची माफी मागितलीत का?" नाही मागितली. मी म्हणायचो, तो दर सोमवारी वसूल करतो आहे, आणखी काय मागायचे.

कलम ८. शेवटच्या सोमवारी तो वाद्य दुकानातच ठेवून गेला. म्हणाला, उचलवत नाही. शुक्रवारी दुपारी बहिणीच्या घरी वारला. पायात बूट होते, कोठे निघाला होता ते कळले नाही. मी वाद्य परत करायला गेलो तर ताईंनी दारातच अडवले.

"तो भोंगा आत आणू नका, मिस्त्री. चाळीस वर्षं त्यानं माझ्या गाद्यांना गाणी ऐकवली. आता समितीवाले मला थोर कलावंताच्या भगिनी म्हणतात. कपाट उघडलं की मला कसंतरी होतं. तुम्हीच ठेवा."

मालकीचा घोळ नको म्हणून मी तिथेच लिहून मागितले. त्यांनी लिहून दिले, 'वाद्य मिस्त्रींना दिले, माझा हक्क नाही, परत आणू नये.' ते सोबत आहे. तेव्हा वाद्य माझे आहे आणि ते कोणाला द्यायचे हा अधिकार माझा आहे, हे समितीच्या वकिलांनी नीट वाचावे.

आता माझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांचे सांगतो, कारण त्यांनी माझी झोप गेली आहे. माझे अक्षर वाईट. म्हणून दुकानाची रीत अशी की, गिऱ्हाइकाने आपल्या हाताने चिठ्ठी लिहून वाद्याला बांधायची. त्यावर तारीख आणि 'तक्रार' असे दोन रकाने असतात. काम झाले की मी चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत अडकवतो. फुंक्याच्या चिठ्ठ्या मी कधी वाचल्या नाहीत. तो समोर बसून बोलायचा, वाचायचे कशाला?

तीन महिन्यांपूर्वी, पुस्तिका निघून गेल्यावर, प्राध्यापकांनी कपाटात मांडायला त्याच्या हस्ताक्षराचा नमुना मागितला. मी तार खाली काढली आणि वाचायला बसलो. चार दुपारी गेल्या. तक्रारीच्या रकान्यात तक्रार कोठेच नव्हती. तिथे लिहिले होते, 'आज कानस चालूच.' 'कानस चालू, मिस्त्रींना सर्दी.' 'आज कानस एकदा थांबली, खालच्या सुराला.' पुन्हा महिनाभर 'चालूच.' मग 'थांबली, पण बहुतेक चहासाठी.'

मी त्याच्यासमोर मुद्दाम कानस चालवायचो. आपण ऐकतो आहोत हे त्याला कळू नये म्हणून. सूर चांगला लागला की हात आपोआप थांबायचा, मग मी खोकून परत सुरू करायचो. तो ते मोजत होता. एकतीस वर्षे हॉटेलात आणि अकरा वर्षे माझ्याकडे, त्याला मिळालेली दाद तेवढीच.

मग मी रेकॉर्डिंगनंतरच्या सोमवारची चिठ्ठी शोधली. तारेच्या तळाशी होती. तिच्यावर लिहिले आहे: 'खालच्या सुरात फट पडली आहे. इतकी वर्षे हाच सूर शोधत होतो. मिस्त्री घाबरून भरतील, सांभाळणे.'

म्हणजे तो मला शिक्षा करत नव्हता. म्हणजे प्राध्यापकांनी लिहिलेली बारा पाने, पिढीचा थकवा वगळला तर, बरोबर आहेत. उलट्या फोटोखाली उभे राहून तो माणूस बरोबर बोलत होता आणि मी, ज्याने सात वेळा तो पॅड बसवला, मी हसत होतो. याचा जेवढा त्रास मला होतो तेवढा छातीचा होत नाही. प्राध्यापकांना हे कलम वाचून दाखवू नये.

या शहरात फुंक्याला न ऐकणाऱ्यांची यादी केली तर तीत माझे नाव येणार नाही. व्यवस्थापकांचे येईल, समितीचे येईल. ती माणसे सूप पीत होती. मी ऐकत होतो आणि वर कानस चालवत होतो. मला त्या सगळ्यांचा तिटकारा आहे, पण लिहिताना तो पहिल्यांदा कोणावर पडतो ते मला दिसते आहे.

कलम ९. सदर सॅक्सोफोन, पेटीसह, वर लिहिलेल्या हवालदारीणबाईंना द्यावा.

समितीचा विचार मला पुतण्याकडून कळला. वाद्य एका मोठ्या दुकानात देऊन सगळे पॅड नवे करायचे, पॉलिश मारायचे आणि कपाटात ठेवायचे. पुतण्याने त्यांना परस्पर हो म्हटले होते. मला म्हणाला, "काका, देऊन टाका. कपाटावर खाली तुमचंही नाव घालतील. देखभाल म्हणून."

मी म्हटले, "आणि वाजवणार कोण?"

"कपाटातलं कोण वाजवतं, काका?"

खोटे लिहिणार नाही. नाव घालतील म्हटल्यावर मी दोन दिवस विचार केला. माझे नाव दुकानाच्या पाटीशिवाय कोठे आलेले नाही. तिसऱ्या दिवशी हवालदारीणबाई त्यांचा सॅक्सोफोन घ्यायला आल्या. तो तयार नव्हता. बसल्या-बसल्या फळीवरचा बघू का, म्हणाल्या. त्यांना फुंक्या माहीत नाही, रेकॉर्ड माहीत नाही, समिती तर नाहीच. दिवसभर चौकात उभ्या राहून आलेल्या. त्यांनी सूर लावत-लावत खाली आणले आणि शेवटच्या सुराला थांबल्या.

"काका, याला दमा आहे."

त्यांनी वाद्याकडे बघितले, घंटेत डोकावल्या, आणि मग हळूच विचारले, "परत वाजवू?"

परत वाजवला. नंतर आणखी दोनदा. जाताना म्हणाल्या, "दुरुस्त करू नका हं एवढ्यात." तेव्हा मी ठरवले.

त्यांच्यासाठी सूचना: पॅड फाटेल. घाबरू नये. जुना काढून झाकणाचे पोट साफ करावे. नवा बसवताना लाख मऊ असतानाच सिगारेटचा कागद तीन पदरी दुमडून बिजागरीच्या बाजूला, नखभर आत सरकवावा. झाकण दाबून धरावे आणि मनात शंभरपर्यंत मोजावे. वजाबाकी करायची नाही. पूर्ण गार झाल्यावरच कागद ओढावा. मग अंधार करून नळीत बल्ब सोडावा. उजेडाची एकच रेघ दिसली पाहिजे, केसाएवढी. दोन दिसल्या तर परत करावे. पहिला कागद, जो फुंक्याने मला परत दिला होता, तो मी टाकला नव्हता. पेटीच्या कप्प्यात आहे, मापासाठी वापरावा. कोणी शहाणा म्हणाला की वाद्य गळते आहे, तर हो म्हणावे.

कलम १०. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम समोरच्या डॉक्टरांनी करावे. त्यांना यातले काही मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास आहे. वाद्य द्यायची रीत अशी ठेवावी.

सोमवार असावा, सकाळ असावी. भाषण नको, फोटो नको, उलटा नको आणि सरळही नको. ताईंना बोलवावे, येणार नाहीत, पण बोलवावे. हवालदारीणबाईंनी स्टुलावर बसून जे येत असेल ते वाजवावे. पुतण्याने माझ्या बाकावर बसावे, शिकंज्यात एक पितळी पट्टी धरावी आणि दोरा गुंडाळलेल्या कानशीने ती घासत राहावे. कशी घासायची ते डॉक्टरांनी त्याला दाखवावे, हाडे कापणाऱ्याला तेवढे येत असेल. कानस थांबवायची असते, हे त्याला कोणी सांगायचे नाही. हे कलम त्याला आधी वाचायला द्यायचे नाही.

खालचा सूर आला आणि त्याची कानस आपोआप थांबली, तर दुकान त्याचे, त्याने ते विकले तरी माझी तक्रार नाही. नाही थांबली तरी दुकान त्याचेच, कायद्याने दुसरा वारस नाही. फक्त मग हवालदारीणबाईंनी वाद्य पेटीत घालून निघून जावे, चहालाही थांबू नये.

काय झाले ते डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर, तक्रारीच्या रकान्यात लिहावे आणि चिठ्ठी तारेत अडकवावी. फुंक्याच्या शेवटच्या चिठ्ठीनंतर एक जागा सोडावी. तिथे माझी आहे. ती मी आज लिहिली. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, परत वाचला, तीन ठिकाणी खाडाखोड केली आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली.

सही: मिस्त्री, मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिले: समोरचे डॉक्टर. सही. (मजकूर वाचला. मी हाडे कापत नाही, मी दातांचा डॉक्टर आहे, हे त्यांना वीस वर्षे माहीत आहे.)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिंपीणबाई. सही. (किल्ली मीच दिली होती.)

ठिकाण: दुकान, कामाचा बाक

दिवस: सोमवार, सकाळी, कानस बाजूला ठेवून